दिव्याखालच्या झाडांची पानं पिवळी पडताहेत? खत घालण्याआधी या क्रमाने तपासा

घरात ग्रो लाइटखाली झाडं वाढवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पिवळं पान दिसतंच, आणि ते दिसलं की हात आपोआप खताच्या बाटलीकडे जातो. तेवढा हात आवरा. कुंडीत अन्न संपल्यामुळे पान पिवळं पडतं, नाही असं नाही, पण आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी वेळा. पुष्कळदा अन्न असतं आणि मुळांना ते उचलता येत नसतं. कधी दिवाच पानाला झेपत नसतो. कधी पानाच्या पाठीवर बसून कोणीतरी रस पीत असतं. या तिन्ही वेळी वरून आणखी खत घातलं तर दुखणं वाढतं, आणि मूळ कारण त्याखाली झाकलं जातं ते वेगळंच.

म्हणून खाली पायऱ्यांचा क्रम मुद्दाम ठरवून दिला आहे. खत अगदी शेवटी येतं. पायऱ्या गाळू नका. पहिल्या तीन तर दहा-पंधरा मिनिटांत होतात आणि अनेकांचं उत्तर तिथेच सापडतं.

## काय काय लागेल

- पांढऱ्या उजेडाची टॉर्च
- १० पट किंवा त्याहून मोठं दाखवणारं भिंग
- पांढरा कोरा कागद
- सामू (पीएच) मोजायचं मीटर आणि ते जुळवायची ४ व ७ सामूची द्रावणं. मीटर नसेल तर थेंब टाकून रंग बघायचा संच चालेल
- क्षार मोजायचं ईसी मीटर
- साधा थर्मामीटर
- दिव्याचा टायमर
- वही

सगळं एकदम घ्यायची गरज नाही. भिंग आणि वही आधी घ्या, मीटरं नंतर. वहीत पाणी कधी दिलं, खत कधी आणि किती दिलं, दिवा किती उंचीवर आहे, किती तास चालतो, एवढं लिहीत गेलात की निम्मं निदान कागदावरच होतं. मातीत खुपसायच्या धातूच्या काडीचं, ओलावा-उजेड-सामू असं तिन्ही दाखवणारं स्वस्त यंत्र मात्र घेऊ नका. त्याच्या सामूच्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

## पायरी १. ग्रो लाइट बंद करा, मग पान बघा

जांभळट-गुलाबी दिव्यात लाल आणि निळा उजेडच असतो, हिरवा जवळजवळ नसतो. त्यामुळे त्याखाली निरोगी हिरवं पान काळपट दिसतं आणि पिवळं पान तांबूस. सोडियम दिव्याखाली उलटा प्रकार, सगळंच पिवळं. पांढरा एलईडी त्यातल्या त्यात बरा, पण पान दिव्याच्या अगदी जवळ असेल तर नुसत्या चकाकीनेही ते फिकट भासतं.

दिवा बंद करून झाड खिडकीशी आणा किंवा टॉर्चच्या पांढऱ्या उजेडात बघा. फोटो काढणार असाल तर पानाच्या शेजारी कोरा कागद धरा. फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनाने सुधारून घेतो. कागद पांढरा दिसत असेल तरच पानाचा रंग खरा. त्याच पानाचा फोटो दर चार-पाच दिवसांनी त्याच जागी, त्याच उजेडात काढा. पिवळेपणा वाढतोय की तिथेच थांबलाय हे डोळ्यांच्या आठवणीवर सोडण्यासारखं नाही.

## पायरी २. पिवळं झालेलं पान नेमकं कुठलं?

अख्ख्या निदानात याच्याइतका कामाचा प्रश्न दुसरा नाही, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

काही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात एकीकडून दुसरीकडे फिरू शकतात. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशिअम) आणि मॅग्नेशिअम ही त्यातली. ती कमी पडू लागली की झाड खालच्या जुन्या पानांतून काढून घेऊन ती वरच्या कोवळ्या पालवीला पुरवतं, आणि पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह, मंगल (मँगनीज), कॅल्शिअम, बोरॉन ही द्रव्यं एकदा पानात बसली की सहसा हलत नाहीत. गंधकही फारसा हलत नाही. यांचा पुरवठा तुटला की जुनी पानं हिरवीच राहतात आणि नवीन पालवी पिवळी निघते.

म्हणजे सुरुवात खालून की वरून, एवढ्या एका उत्तराने संशयितांची यादी अर्धी होते. पण फक्त खाली आणि वर बघून थांबू नका. आणखी चार शक्यता आहेत:

दिव्याच्या सर्वांत जवळची पानं, मग ती जुनी असोत की नवी. यात अन्नाचा संबंध कमी आणि दिव्याचा जास्त.

कुठेही विखुरलेले ठिपके, खाली-वर असा काही नियम नाही. आधी कीड बघा.

संपूर्ण झाड एकदम फिकट. मुळं, पाणी किंवा थंडी. फरशीवर ठेवलेल्या कुंडीची माती खोलीच्या हवेपेक्षा बरीच थंड असू शकते. माती १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की बऱ्याच झाडांची मुळं मंदावतात आणि अन्न उचलणं कमी करतात. थर्मामीटर हवेत टांगू नका, मातीत खोचा.

फक्त तळाचं एखादं पान, तेही अधूनमधून. याला रोग म्हणत नाहीत. बीजदलं म्हणजे रोपाची पहिली दोन जाडसर पानं तर पिवळी पडून गळायचीच असतात. शिवाय दिव्याखालच्या झाडांत एक गोष्ट जास्त दिसते. बाहेर सूर्य दिवसभर सरकतो, त्यामुळे खालच्या पानांनाही बाजूने उजेड मिळतो. आपला दिवा डोक्यावर एकाच जागी टांगलेला. वरचा पसारा दाट झाला की खालची पानं सावलीत जातात, आणि ज्या पानाकडून काही मिळकत नाही ते झाड पोसत बसत नाही. वरची पालवी हिरवी आणि तजेलदार असेल, वाढ नीट चालू असेल, तर खालची दोन-चार पिवळी पानं काढून टाका आणि निश्चिंत राहा.

आणखी एक. कित्येक झाडांचं नवं पान मुळातच पोपटी निघतं आणि आठवड्याभरात गडद होतं. नव्या पानावरून काही ठरवण्याआधी त्याला तेवढा वेळ द्या.

## पायरी ३. पान उलटं करा

पिवळं पान असलेल्या फांदीखाली कोरा कागद धरा आणि फांदीवर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले तर तो कोळी आहे (जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे, पानांचा रस पिणारी बारीक कीड). पानाच्या वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके, आणि उलट्या बाजूला, विशेषतः शिरांच्या बेचक्यात, बारीक जाळी. भिंगातून हे स्पष्ट दिसतं. दिव्याखालची उबदार, कोरडी हवा कोळ्याला मानवते. २७ ते ३० अंशांत त्याची एक पिढी साधारण आठवड्याभरात तयार होते, म्हणून एकदा फवारून भागत नाही.

फुलकिड्यांची खूण वेगळी: पानावर चंदेरी ओरखडे आणि त्यावर काळे बारीक विष्ठेचे ठिपके. पान चिकट लागत असेल तर मावा, पांढरी माशी, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण यांच्यापैकी कोणीतरी आहे. देठाच्या बगलेत आणि पानाच्या मधल्या शिरेलगत शोधा.

घरात पाऊस नाही, वारा नाही, किडी खाणारे किडे नाहीत. एकदा कीड शिरली की तिला अडवणारं कोणी नसतं. झाड लगेच बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. पानांच्या दोन्ही बाजू पाण्याच्या धारेने धुवा. मग कीटकनाशक साबण किंवा कडुनिंबाचं तेल वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात फवारा, आणि पाच ते सात दिवसांच्या अंतराने निदान तीनदा हे करा. फवारणी दिवा बंद असतानाच करायची आणि पानं पूर्ण वाळेपर्यंत दिवा लावायचा नाही. तेल किंवा साबण अंगावर असताना प्रखर उजेड पडला तर पान भाजतं, आणि मग किडीने काय केलं आणि आपण काय केलं हे कळेनासं होतं.

मातीवर घोंगावणारी बारीक काळी चिलटं दिसली तर उडणारं चिलट पानांना काही करत नाही. त्याच्या अळ्या मातीत असतात आणि रोपांची कोवळी मुळं कुरतडतात. पण चिलटं आहेत म्हणजे मातीचा वरचा थर सतत ओला राहतोय. म्हणजे पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

## पायरी ४. पाणी आणि मुळं

माझा अनुभव असा की नवख्या माणसाच्या पिवळ्या पानांचं कारण बहुतेकदा इथे निघतं.

पाणी जास्त झालं की मातीतल्या पोकळ्या भरून जातात आणि मुळांना हवा मिळत नाही. गुदमरलेलं मूळ पाणीही नीट ओढत नाही आणि अन्नही. वरून दिसतं काय, तर झाड मलूल, पानं पिवळट. आपल्याला वाटतं तहानलंय आणि आपण आणखी पाणी घालतो. फरक ओळखायची खूण अशी: तहानलेल्या झाडाची पानं मरगळतात, कडेने वाळून कुरकुरीत होतात आणि कुंडी हाताला हलकी लागते. पाणी जास्त झालेल्या झाडाची पानं मऊ राहून पिवळी पडतात, कुंडी जड असते, आणि माती ओली असूनही झाड मान टाकतं.

कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा. पाणी दिल्यावर एकदा उचला, सुकल्यावर एकदा उचला. थोड्याच दिवसांत हाताला कळायला लागतं. बोट दोन पेरं मातीत घाला. वाफसा असावा, चिखल नको आणि धूळही नको.

दिव्याखालच्या बागेत पाण्याचा हिशेब चुकतो तो अशा ठिकाणी:

- एलईडी पानांना फारसा तापवत नाही. सोडियम दिव्यातून किंवा उन्हातून पानावर बरीच उष्णता पडते. एलईडीखाली पान तितकं तापत नाही, म्हणून ते पाणीही कमी उडवतं. उन्हातल्या झाडाचं पाण्याचं वेळापत्रक दिव्याखाली तसंच चालवलं तर माती वाळतच नाही.
- दिव्याचे तास कमी केले, दिवा मंद केला किंवा वर नेला, तर पाणीही कमी करायचं. हे कोणाच्या लक्षातच राहत नाही.
- लहान रोप मोठ्या कुंडीत. मुळं पोचलेली नाहीत तिथली माती कित्येक दिवस ओलीच राहते.
- कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी. अर्ध्या तासाने ओतून टाका.

शंका असेल तर झाड हलकेच कुंडीतून बाहेर काढा. त्याने झाड मरत नाही. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतात (काही झाडांची मुळं जात्याच रंगीत असतात, हेही ध्यानात असू द्या). मूळकूज झाली असेल तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की साल निसटून आत दोरा उरतो आणि कुजकट वास येतो. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने काढून टाका, मोकळ्या, निचऱ्याच्या नव्या मातीत, शक्यतो लहान कुंडीत लावा आणि नवी पालवी दिसेपर्यंत खत बंद. मुळंच कमी उरली असताना खताचे क्षार त्यांना आणखी जाळतात.

मुळं कुंडीच्या आतून गोल गोल फिरून गच्च झाली असतील तर कुंडी बदला; तिथे पाणी आणि अन्न दोन्ही टिकायला जागा उरलेली नाही. पीट असलेली माती एकदा पार सुकली की पाणी धरायला तयार होत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेने वाहून खाली येतं, आपण समजतो भिजलं, आणि आतला गोळा कोरडाच. अशी कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि मग निथळू द्या.

मातीविना, पाण्यात झाडं वाढवत असाल तर टाकीतल्या पाण्याचं तापमान बघा. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी कोमट झालं की मुळांची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा मात्र घटतो. १८ ते २२ अंश चांगले. हवेचा पंप चालू आहे ना, टाकीत उजेड शिरत नाही ना, हेही बघून घ्या.

## पायरी ५. दिवा जास्त होतोय की कमी?

जास्त उजेडाने पान करपण्याआधी फिकट होतं, अगदी पांढुरकं सुद्धा. हे लोहाच्या कमतरतेसारखं दिसतं आणि इथे भलेभले फसतात. फरक जागेवरून करा. दिव्याच्या बरोबर खालची पानंच फिकी आहेत, आणि त्याच झाडाची बाजूची, सावलीतली कोवळी पालवी हिरवीगार आहे? मग दिवा. सावलीतल्या बगलफुटीसकट सगळीच नवी पालवी पिवळी आहे? मग पुढच्या पायरीवर जा. पानाच्या उंचीवर हात धरून गरम लागतंय का बघण्याचा जुना उपाय एलईडीला पुरत नाही. उष्णता न जाणवताही उजेड जास्त असू शकतो.

कमी उजेडाची लक्षणं निराळी. खोड लांबुडकं, दोन पानांतलं अंतर वाढलेलं, झाड दिव्याकडे ताणलेलं आणि खालची पानं एकेक करून पिवळी.

अंदाजापेक्षा आकडा बरा. झाडाच्या उपयोगाचा उजेड पीपीएफडी या मापात मोजतात: एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती मायक्रोमोल प्रकाशकण पडले. दिवसभराची बेरीज म्हणजे डीएलआय. हिशेब सोपा आहे:

पीपीएफडी × दिव्याचे तास × ०.००३६ = डीएलआय

२०० मायक्रोमोल, १४ तास, म्हणजे डीएलआय साधारण १०. ढोबळ मानाने रोपांना १०० ते २०० मायक्रोमोल पुरतात. पालेभाज्यांना डीएलआय १२ ते १७ असावा. टोमॅटो, मिरचीसारख्या फळझाडांना २० ते ३० लागतो. सावलीतल्या शोभेच्या झाडांचं ५० ते १०० मायक्रोमोलवर भागतं, आणि त्यांना फळझाडांच्या दिव्याखाली ठेवलं की ती हमखास पिवळी पडतात. एकाच दिव्याखाली दोन्ही ठेवायची असतील तर सावलीची झाडं कडेला सरकवा.

पीपीएफडी मीटर महाग असतं. दिवा पांढरा एलईडी असेल तर फोनच्या लक्स अ‍ॅपवरचा आकडा ७० ने भागा. १४,००० लक्स म्हणजे सुमारे २०० मायक्रोमोल. हा अंदाज आहे, माप नाही, आणि जांभळट दिव्यांना तर तो अजिबात लागू होत नाही. खोक्यावर छापलेल्या वॉटवरही जाऊ नका. बऱ्याचदा तो ‘अमुक वॉटच्या बरोबरीचा’ अशा थाटाचा आकडा असतो आणि दिवा प्रत्यक्षात त्यापेक्षा फार कमी वीज घेतो.

टायमर खरंच दिवा बंद करतोय का, हे एकदा रात्री उठून बघा. टोमॅटो आणि वांग्याला चोवीस तास उजेड दिला तर शिरांमधला भाग पिवळा पडून पानं चट्टेपट्टेरी होतात, आणि ते मॅग्नेशिअमच्या कमतरतेसारखं दिसतं. अशा झाडांना निदान ६ ते ८ तास अंधार हवाच.

दिवा हलवायचा तर एकदम नको. १०-१५ सेंटिमीटर वर न्या किंवा मंद करायची सोय असेल तर तीन-चतुर्थांशावर आणा, आणि आठवडाभर बघा. सावलीतून नव्याने आणलेलं झाड थेट पूर्ण दिव्याखाली ठेवू नका. दहा-बारा दिवसांत हळूहळू जवळ आणा.

## पायरी ६. सामू आणि साचलेले क्षार

इथपर्यंत कारण सापडलं नसेल तरच मीटर बाहेर काढा.

मातीत लोह आहे, पण सामू चढलेला आहे. मग ते लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकतं आणि मुळांपुढे असून नसल्यासारखं होतं. मातीसाठी सामू ६ ते ७ च्या दरम्यान असावा, कोकोपीट आणि पाण्यातल्या लागवडीसाठी ५.५ ते ६.५. घरातल्या कुंडीचा सामू सहसा जड पाण्यामुळे चढतो. त्यातले बायकार्बोनेट दर पाण्याबरोबर साठत जातात आणि ते धुऊन नेणारा पाऊस घरात पडत नाही.

मोजायचं असं: मुळांजवळची एक वाटी माती, दोन वाट्या डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा, मग वरच्या पाण्यात मीटर बुडवा. त्याआधी मीटर ४ आणि ७ च्या द्रावणात जुळवून घ्या. न जुळवलेल्या मीटरचा आकडा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट. मीटरचं टोक साध्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नका, त्याच्यासाठीचं साठवणीचं द्रावण वापरा.

क्षारांसाठी ईसी. पाण्यातल्या लागवडीत रोपांसाठी १ च्या खाली, पालेभाज्यांना साधारण १.२ ते १.८, फळझाडांना २ ते ३.५, हे सगळे मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये. मीटरवर पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) दिसत असेल तर सावध. काही मीटरं १ ईसीला ५०० पीपीएम दाखवतात, काही ७००. दुसऱ्याने सांगितलेला पीपीएमचा आकडा आपल्या मीटरवर जुळवत बसलात तर खत चाळीस टक्क्यांनी चुकू शकतं. बोलताना, लिहिताना ईसीच वापरा.

मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी खर, पानांची टोकं तपकिरी, म्हणजे क्षार साचले. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट पाणी हळूहळू ओता, सगळं निथळू द्या, आणि पुढचं खत निम्म्या मात्रेने सुरू करा. मुळं कुजलेली असतील तर मात्र हे धुणं करू नका, माती बदला.

पाण्यातल्या लागवडीत सामू उतरवताना दिवसाला अर्ध्या अंकापेक्षा जास्त हलवू नका.

## पायरी ७. आता अन्नद्रव्यांकडे

पायरी २ चं उत्तर हाताशी ठेवा.

खालची पानं पिवळी

- *नत्र:* अख्खं पान, शिरांसकट, एकसारखं फिकट. वाढ मंद. लाकडाचा भुसा न कुजवता मिसळला असेल तर तो कुजताना नत्र ओढून घेतो, हेही एक नेहमीचं कारण.
- *मॅग्नेशिअम:* शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशिअमचाच अणू असतो, तो काढून घेतला की रंग जातो. आरओचं पाणी वापरणाऱ्यांकडे आणि कोकोपीटमध्ये लावणाऱ्यांकडे हे जास्त दिसतं: आरओच्या पाण्यात कॅल्शिअम-मॅग्नेशिअम जवळजवळ उरत नाही, आणि न प्रक्रिया केलेलं कोकोपीट ही दोन्ही धरून ठेवतं. पालाश फार झाला तरी मॅग्नेशिअमचं शोषण अडतं, म्हणून फळं धरण्यासाठी पालाशचा मारा करणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं.
- *पालाश:* पिवळेपणा टोकापासून आणि कडांपासून, मग कडा तपकिरी.

नवी पालवी पिवळी

- *लोह:* कोवळ्या पानावर बारीकसारीक शिराही हिरव्या रेघांनी उठून दिसतात, मधलं सगळं पिवळं. वाढलं तर पान पांढुरकं. सामू तपासल्याशिवाय लोह घालू नका.
- *मंगल:* लोहासारखंच, पण हिरव्या-पिवळ्याची सीमा पुसट, आणि पुढे बारीक तपकिरी ठिपके.
- *गंधक:* नत्रासारखं एकसारखं फिकट, पण वरून सुरू होणारं.
- *कॅल्शिअम:* इथे पिवळेपणापेक्षा वेडीवाकडी, टोक करपलेली पालवी दिसते. हवा कोंदट असेल आणि पान पाणी उडवत नसेल तर कॅल्शिअम भरपूर असूनही ते टोकापर्यंत पोचत नाही. खताआधी एक छोटा पंखा लावा.

मॅग्नेशिअमसाठी एप्सम सॉल्ट, एका लिटरला ५ ग्रॅम, मुळांशी किंवा दिवा बंद असताना पानांवर. लोहासाठी चिलेटेड लोह (दुसऱ्या रेणूने धरून विरघळतं ठेवलेलं), पण ते धरणारं द्रव्य कुठलं ते बघून: ईडीटीए साधारण ६.५ सामूपर्यंतच काम करतं, डीटीपीए ७.५ च्या आसपासपर्यंत, त्याहून चढ्या सामूला ईडीडीएचए. चिलेटेड लोहाचं द्रावण उजेडात मोडतं, म्हणून ते गडद बाटलीत ठेवा आणि टाकी झाकलेली असू द्या.

दोन द्रव्यांची कमतरता एकदम दिसत असेल, विशेषतः लोह आणि मंगल, तर दोन्ही बाटल्या उघडू नका. सामूकडे परत जा. आणि दर पिवळ्या पानाला कॅल्शिअम-मॅग्नेशिअमची बाटली हे जे औषध सर्रास सुचवलं जातं, ते साध्या जड पाण्यावर वाढणाऱ्या मातीतल्या झाडाला सहसा लागतच नाही.

## पायरी ८. एक बदल करा आणि थांबा

दिवा वर नेला, पाणी कमी केलं, एप्सम सॉल्ट घातलं, कुंडी बदलली, सगळं एकाच संध्याकाळी. झाड सुधारलं तरी कशाने ते कळणार नाही, बिघडलं तरी नाही. एक बदल करा, वहीत तारीख टाका, ७ ते १४ दिवस द्या. अपवाद दोनच, कीड आणि मूळकूज; तिथे थांबायचं नाही.

पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान सहसा पुन्हा हिरवं होत नाही. उपाय लागू पडला का, ते त्या पानाला विचारू नका. शेंड्याच्या सर्वांत नव्या पानाच्या देठाला सैल दोरा बांधा. त्यानंतर येणारी पानं काय रंगाची निघतात, तोच निकाल. अर्ध्याहून जास्त भाग पिवळा झालेली पानं काढायला हरकत नाही, पण एकदम सगळी ओरबाडू नका. पिवळेपणा कुठून कुठे सरकतोय हे दाखवणारी तीच आहेत.

## पायरी ९. तरीही उलगडा होत नसेल तर

बंद तंबूत किंवा कपाटात झाडं असतील तर जवळपास पिकणारी फळं ठेवलेली आहेत का बघा. त्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने पानं पिवळी पडून गळतात. हवा खेळती ठेवली की हा प्रश्न मिटतो.

पानावर हिरव्या-पिवळ्याची अनियमित नक्षी, पान सुरकुतलेलं, आकार बिघडलेला, आणि वरचं सगळं तपासून झालेलं. तर विषाणू असण्याची शक्यता मोठी. त्यावर औषध नाही. झाड पिशवीत बांधून टाकून द्या, त्याची कलमं घेऊ नका, त्याची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. कात्री आणि कुंडी आधी साबणाने घासा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवून, साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवा. हात धुतल्याशिवाय शेजारच्या झाडाला लावू नका.